तळ्याचा पंचवीस वर्षांचा आराखडा कसा करावा

आराखड्याच्या पहिल्या बैठकीला कोणी ना कोणी कारंज्याचं चित्र घेऊन येतंच. ते चित्र घ्या, नीट घडी घालून फायलीत ठेवा आणि पहिला जोराचा पाऊस पडेल त्या दिवशी छत्री घेऊन बाहेर पडा. शहरातल्या तळ्याचं भवितव्य वरच्या गल्ल्यांत, छपरांवर आणि गटारांत ठरत असतं. पाणी तिथूनच निघतं.

मी नोकरीत आयुष्यभर नकाशे काढले. आमच्या तळ्याच्या नागरिक समितीत येऊन आता बावीस वर्षं झाली. या काळात आम्ही दोन आराखडे केले. पहिला आम्ही काठावर उभं राहून केला: पायवाट, बाक, दिवे, फुलझाडं. चार वर्षांत पायवाट झाली, बाक आले, आणि त्या बाकांवर वासामुळे कोणी बसेना. दुसरा आराखडा पाण्याच्या वाटेनं केला. तो अजून चालू आहे, आणि पुढे जे लिहिते आहे ते त्याच्यातूनच शिकलेलं आहे.

पाण्यामागे चाला

आधी पाणलोटाची हद्द काढा. म्हणजे कुठल्या जमिनीवर पडलेला पाऊस शेवटी तुमच्या तळ्यात येतो, ते नकाशावर रेषेनं दाखवा. उंचसखलपणाचा नकाशा मिळाला तर उत्तमच, पण शहरात एवढ्यावर विसंबून चालत नाही. रस्ते भर घालून उचललेले असतात, ओढे पाइपात घातलेले असतात, आणि जमिनीचा उतार एकीकडे तर गटाराचा दुसरीकडे. म्हणून पावसात चालायचं. दोघा-दोघांच्या जोड्या करा, प्रत्येक जोडीला नकाशाचा एक तुकडा द्या आणि प्रत्येक चौकात पाणी कुठल्या बाजूला वळतंय त्याचा बाण काढायला सांगा. चौथीतली मुलंसुद्धा हे काम चोख करतात. आम्हाला कागदावर जी हद्द वाटत होती तिच्यात एक अख्खी वसाहत नव्हती, आणि तिचं सगळं पाणी आमच्याकडे येत होतं.

हद्द मिळाली की एक हिशेब सगळ्यांसमोर फळ्यावर मांडा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तेव्हा एका हेक्टरवर एक सेंटिमीटर पाऊस पडला की १,००,००० लिटर पाणी झालं. मातीची, झाडांची जमीन असेल तर त्यातलं बरंचसं मुरतं. छप्पर, डांबर, फरशी असेल तर जवळजवळ सगळं वाहून येतं. हा आकडा स्वतः काढल्यावर लोकांना ‘एवढीशी फरशी घातली तर काय बिघडतं’ याचं उत्तर वेगळं द्यावं लागत नाही.

दुसरी फेरी कोरड्या दिवसांत. सलग पाच-सहा दिवस पाऊस नसेल तेव्हा तळ्याला फेरी मारा आणि आत येणारं प्रत्येक तोंड शोधा: पाइप, नाला, भिंतीतलं भोक, सगळं. प्रत्येकाला रंगानं नंबर घाला. आमच्याकडे चौदा निघाली. मग सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, घरोघरी अंघोळी आणि धुणी चालू असताना, पुन्हा प्रत्येक तोंडाशी जाऊन उभे राहा. पावसाचं पाणी आणण्यासाठी बांधलेला पाइप कोरड्या दिवशी वाहत असेल तर ते बहुधा कोणाच्या तरी घरचं सांडपाणी असतं. चौदापैकी पाच तोंडं वाहत होती. सातव्या नंबरच्या पाइपाखाली दगडांवर करडे, कापसासारखे धागे लोंबत होते. असे धागे दिसले की प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट बघण्याची गरज नाही. सतत मैलापाणी किंवा तसंच घाणीचं पाणी मिळतं तिथे ते वाढतात.

ते पाणी कुठून येतं हे शोधायला रंग वापरा. पालिकेच्या अभियंत्यांना आधी कळवून, रहिवाशांची परवानगी घेऊन, बिनविषारी हिरवा रंग एका इमारतीच्या शौचालयात सोडायचा आणि खाली तोंडाशी घड्याळ घेऊन बसायचं. आम्ही सातव्या नंबरपाशी बसलो होतो. तेवीस मिनिटांनी पाणी पोपटी झालं. त्या इमारतीतल्या एकालाही माहीत नव्हतं. बांधताना कोणीतरी जवळचं चेंबर बघून पावसाळी गटारालाच जोडणी केली होती. कोणावर खापर न फोडता ‘जोडणी चुकली आहे, दुरुस्त करूया’ एवढंच बोललो, म्हणून पाच महिन्यांत काम झालं. एक गोष्ट मात्र कडक पाळा: चेंबरचं झाकण पालिकेच्या माणसांनीच उघडायचं आणि आत कोणीही उतरायचं नाही. आतल्या वायूनं माणूस काही क्षणांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

स्फुरदाची गोष्ट

लोक विचारतात, एवढं सांडपाण्याच्याच मागे का लागायचं? इथे मी तीन तळ्यांची गोष्ट सांगते, कारण भाषणापेक्षा ती लक्षात राहते.

पहिलं तळं कॅनडातलं. त्याला नाव नाही, फक्त नंबर आहे: २२६. कंबरेशी अरुंद, डमरूसारखं. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कंबरेत प्लास्टिकचा पडदा टाकून तळ्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र (नायट्रोजन) घातलं. एकाच भागात त्याच्या जोडीला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. स्फुरदाची बाजू शेवाळानं हिरवीगार झाली, दुसरी निळीच राहिली. विमानातून घेतलेला तो फोटो एकदा बघितला की डोळ्यांसमोरून जात नाही. मैलापाण्यात, साबणात, खतात स्फुरद असतं, आणि एक किलो स्फुरदाच्या जिवावर सुमारे पाचशे किलो ओलं शेवाळ वाढू शकतं.

दुसरं, अमेरिकेतलं लेक वॉशिंग्टन, सिॲटल शहराला लागून. काठावरच्या वस्त्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी त्यात सुटत होतं. १९५५ मध्ये डब्ल्यू. टी. एडमंडसन या प्राणिशास्त्रज्ञाच्या गटाला त्यात विशिष्ट जातीचं निळं-हिरवं शेवाळ दिसलं, आणि पुढे काय होणार हे त्यांनी वेळेवर सांगितलं. सांडपाणी वळवण्यासाठी सगळ्या वस्त्यांनी मिळून एक यंत्रणा उभारायची की नाही, यावर १९५८ मध्ये मतदान झालं. पहिल्या मतदानात प्रस्ताव पडला. त्याच वर्षी सुधारून पुन्हा मांडला आणि मंजूर झाला. वळवण्याचं काम १९६३ ते १९६८ चाललं. पाण्यात आधी जेमतेम मीटरभर दिसायचं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाच मीटरांच्याही पुढे दिसू लागलं. तुमचा ठराव पहिल्या खेपेला पडला तर ही गोष्ट आठवा आणि तोच ठराव सुधारून पुन्हा मांडा.

तिसरं स्वीडनमधलं ट्रुमेन, व्हेक्शो शहरातलं. तिथे सांडपाणी १९५० च्या दशकाच्या अखेरीस बंद केलं, तरी दहा वर्षांनीही तळं सुधारेना. कारण तळाशी साचलेला काळा गाळ जुनं स्फुरद पाण्यात परत सोडत होता. शेवटी १९७० आणि १९७१ मध्ये दर वर्षी सुमारे अर्धा मीटर गाळ शोषून काढला, आणि मग तळं मोकळं झालं.

या तिन्हींतून कामाचा क्रम ठरतो. आधी येणारी घाण थांबवा. मग वाट बघा, मोजा. तरीही सुधारणा नसेल तर गाळ. आमच्याकडे पहिल्या आराखड्यात गाळ आधी काढला होता. मोठा समारंभ झाला, ट्रकच्या ट्रक गेले, आणि पाचही तोंडं वाहत असल्यानं तीन वर्षांत तळ पुन्हा काळा झाला. ते दुःख मला अजून आहे, कारण त्या पैशात पाचही जोडण्या दुरुस्त होऊन वर बरंच उरलं असतं.

मोजणीची वही

आराखडा लिहिण्याआधी निदान एक पूर्ण वर्ष मोजणी करा. अधीर माणसं वैतागतात. वैतागू द्या. वर्षभर एकही वीट न रचणं या आराखड्यातला सगळ्यात अवघड भाग आहे.

साधन अगदी साधं आहे. १८६५ मध्ये अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञानं भूमध्य समुद्रात पांढऱ्या चकत्या सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. तळ्यांसाठी आज वीस सेंटिमीटर व्यासाची चकती वापरतात, चार पाकळ्या करून आलटून-पालटून काळ्या-पांढऱ्या रंगवलेली. जाड प्लास्टिकची ताटली कापा, मधोमध भोक पाडा, खाली वजन लावा, वर न ताणणारी दोरी बांधा आणि दोरीवर दर दहा सेंटिमीटरला खूण करा. दुपारी बाराच्या आसपास, नावेच्या सावलीच्या बाजूनं, काळा चष्मा न घालता चकती हळूहळू सोडा. आधी पांढऱ्या पाकळ्या हिरवट होतात, मग त्यांच्या कडा विरघळतात, मग काळं-पांढरं वेगळं कळेनासं होतं आणि एक धूसर ठिपका उरतो. तोही गेला की पाण्याच्या पातळीला दोरी चिमटीत धरा, आकडा लिहा. आणखी थोडी सोडून परत वर ओढा. पुन्हा दिसली तिथे दुसरा आकडा. दोन्हींची सरासरी ही त्या दिवसाची खोली. जागा तीच, वेळ तीच, पंधरा दिवसांनी एकदा. आमचा पहिला आकडा ४० सेंटिमीटर होता. तो पंचेचाळीस व्हायला दोन वर्षं लागली. गेल्या थंडीत तो एक मीटर तीस झाला. त्या दिवशी नावेत चौघं होतो, आणि चौघांनी आळीपाळीनं दोरी हातात घेऊन पुन्हा पुन्हा बघितलं.

प्राणवायू मोजायचा तर पहाटे, उजाडण्याच्या सुमारास. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री सगळ्यांबरोबर तेही तो वापरतं, त्यामुळे नीचांक पहाटे येतो. दुपारी घेतलेला आकडा तळं निरोगी असल्याचा भास करून देतो. लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या वर असेल तर बहुतेक मासे सुखात असतात. दोनच्या खाली गेला की पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकताना दिसतात. मासे मेल्यावर ‘विष टाकलं’ अशी हाकाटी होते. त्याआधी वहीतले पहाटेचे आकडे बघा.

गाळाची जाडी मोजायला दोन काठ्या लागतात. एकीच्या टोकाला बशीएवढी चकती बसवा. ती गाळाच्या पृष्ठावर टेकते. दुसरी बारीक लोखंडी सळई. ती गाळ भेदून खालच्या कठीण तळाला लागते. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे गाळ. तळ्यावर दोऱ्यांनी चौकटी कल्पून पन्नास-साठ ठिकाणी हे करा. सळई कुठे चिकट मातीत रुतते, कुठे खडखडते, तेही लिहा, कारण उद्या गाळ काढताना यंत्र त्या चिकट मातीच्या थरापर्यंत पोचता कामा नये. पाणी धरून ठेवणारा थर तोच असतो. तो फाटला की चकचकीत साफ केलेलं तळं झिरपून रिकामं व्हायला लागतं.

जमिनीचे कागद

हे काम रुक्ष आहे आणि कोणालाच आवडत नाही, म्हणून मी ते मोजणीबरोबर पहिल्याच वर्षात उरकायला सांगते. तळ्याच्या नोंदीतली हद्द, प्रत्यक्षातली हद्द आणि सांडव्याची (जादा पाणी बाहेर पडतं त्या वाटेची) पातळी, या तिन्हींचा एक नकाशा करा. त्यावर आठवणीतल्या सगळ्यात मोठ्या पुराची रेषा काढा. जुन्या भिंतींवरचे डाग आणि म्हाताऱ्या माणसांची बोटं ती बरोबर दाखवतात. पूररेषेच्या आतली जागा पाण्याची आहे, मग वर्षातले अकरा महिने ती कोरडी का असेना. तिथे मैदान चालेल, गवत चालेल, पक्कं काहीही चालणार नाही. हद्दीचे दगड रोवा, फोटो काढा, दर वर्षी मोजा.

मिनिॲपोलिस शहरात १८८३ मध्ये उद्यान मंडळ स्थापन झालं, तेव्हा होरेस क्लीव्हलंड या भूदृश्य रचनाकारानं सल्ला दिला होता की आधी जमीन घ्या, भाव वाढायच्या आत. सजावट पुढच्या पिढ्या करतील. त्या शहरातल्या बहुतेक तळ्यांचे काठ आज सार्वजनिक आहेत. तळ्याला लागून एखादा रिकामा तुकडा असेल तर आराखड्याच्या पहिल्या पानावर त्याचं नाव लिहा. बाकी सगळं नंतर सुधारता येतं. काठावर इमारत उभी राहिली की त्या जागेचा विषय संपला.

बैठकीला न आलेली माणसं

बैठकीला येतात ती सकाळी फिरायला जाणारी, साठीच्या पुढची, बोलायची सवय असलेली माणसं. मीही त्यांतलीच. तळं वापरणारे त्याच्या कितीतरी पट असतात. म्हणून आधी मोजा. एका ठरावीक जागी तासभर बसायचं, पहाटे, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री, आणि कोण काय करतंय त्याच्या रेघा ओढायच्या: चालणारे, गळ टाकणारे, कपडे धुणारे, गुरं पाजणारे, अभ्यास करणारी मुलं, झोपलेले, चाकाच्या खुर्चीतले. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं. आमच्या रेघांमध्ये दिवेलागणीनंतर बायका जवळजवळ शून्य होत्या. हे मला एक बाई असूनही तोवर आकड्यात दिसलं नव्हतं.

मग त्या-त्या लोकांकडे त्यांच्या वेळेला जा. मासे धरणाऱ्यांना संध्याकाळच्या सभेला बोलावून उपयोग नाही. पहाटे जाळं काढतात तेव्हा काठावर जाऊन बसा. सोबत मोठा नकाशा आणि खडे न्या. प्रत्येकाला पाच खडे द्यायचे आणि सांगायचं, जिथे काहीही बदलू नये असं वाटतं तिथे ठेवा. ‘काय हवं’ विचारलं की लोक दुसऱ्या शहरात बघितलेलं सांगतात. ‘काय हलवू नये’ विचारलं की स्वतःला माहीत असलेलं सांगतात.

एका म्हाताऱ्या मासेमाराने पाचही खडे एकाच कोपऱ्यात ठेवले. मी म्हटलं, “काका, सगळे इथेच?” ते म्हणाले, “ताई, बाकीचं तळं तुम्ही घ्या. इथं मासा अंडी घालतो. इथं हात लावलात तर दोन वर्षांत आम्ही पण नाही आणि तुमचे बगळे पण नाहीत.” आमच्या आराखड्यात नेमका तिथेच नौकाविहाराचा धक्का होता. कोपऱ्यात गुडघाभर पाणी, पाणकणीस, मऊ चिखल. कागदावर बघून आम्ही त्याला ‘निकृष्ट जागा’ म्हटलं होतं. धक्का दुसऱ्या बाजूला खोल पाण्यात नेला.

नियमही याच लोकांबरोबर बसून करा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक पाणी, जंगलं आणि मासेमारीची ठिकाणं लोक स्वतः कशी सांभाळतात, याच्या अभ्यासासाठी. जिथे हे टिकलं तिथे वापरणाऱ्यांनीच नियम केलेले होते, देखरेख त्यांचीच होती, आणि शिक्षा पहिल्या चुकीला हलकी, पुढे वाढत जाणारी होती. आम्ही तसंच ठेवलं: पहिल्यांदा समजावणं, दुसऱ्यांदा वहीत नाव, तिसऱ्यांदा महिनाभर मासेमारी बंद. बावीस वर्षांत तिसऱ्या पायरीपर्यंत दोनदाच गेलो.

काठ आणि बाग

बागेबद्दल थोडक्यात. काठ उभा आणि सिमेंटचा करू नका. उतार सौम्य ठेवा, म्हणजे उथळ पाण्यात वनस्पती धरतात, बेडूक चढतात, आणि पाण्यात पडलेलं मूल स्वतःहून बाहेर येऊ शकतं. पायवाट तळ्याला पूर्ण वेढा घालणारी नसावी. निदान एक तृतीयांश काठ माणसांपासून दूर, झुडपांचा ठेवा. आमच्याकडे फेरी पूर्ण करण्यासाठी वाट तिथून आत, झाडांतून वळवली आहे आणि कोणी तक्रार केली नाही. पायवाट पाणी मुरणारी करा. हिरवळीला खत घालू नका, ते सरळ तळ्यात उतरतं. झडलेली पानं काठावरून गोळा करून लांब कुजवा. मातीच्या बांधावर मोठी झाडं लावू नका. झाड मेलं की मुळं कुजतात आणि त्या पोकळीतून पाणी वाट काढतं. दिवे पायवाटेवर, खाली तोंड केलेले, पाण्यावर एकही नाही. उजेड हवाच, तो नव्हता म्हणून बायका येत नव्हत्या, पण तो माणसाच्या पायाशी पडायला हवा. आणि स्वच्छतागृह बांधाल तेव्हा त्याचा पाइप कुठे जातो हे उघड्या खंदकात उभं राहून डोळ्यांनी बघा. कागदावर विश्वास ठेवू नका.

जलपर्णी आली तर पहिल्याच आठवड्यात हातानं काढा. पोषक पाणी आणि ऊन मिळालं की तिचं क्षेत्र दोन आठवड्यांत दुप्पट होतं. म्हणजे अर्धं तळं झाकलेलं दिसलं त्या दिवशी हातात फक्त पंधरा दिवस उरलेले असतात.

पंचवीस वर्षं कागदावर कशी मांडायची

पहिलं वर्ष मोजणी आणि कागद. दुसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत चुकलेल्या जोडण्या, नाल्यांच्या तोंडाशी गाळ धरणारे खड्डे आणि त्यामागे पाणकणसाची उथळ पाणथळ, जिथे पाणी रेंगाळून मग तळ्यात उतरेल. गाळ काढायचा असेल तर त्यानंतर, तोही टप्प्याटप्प्यानं, अर्धं तळं न छेडता. काढलेल्या गाळाची जड धातूंसाठी तपासणी झाल्याशिवाय तो शेतात किंवा बागेत टाकायचा नाही. काठाची कामं गाळानंतर, कारण यंत्रं काठ तुडवतात. दहाव्या वर्षानंतर मोठं काहीच लिहू नका. तिथे फक्त मोजणी, देखभाल आणि दर पाच वर्षांनी आराखडा उघडून बघायची तारीख. त्या बैठकीची तारीख आजच ठरवून टाका.

प्रत्येक कामापुढे तीन रकाने असावेत: कोण करणार, त्यानंतर दर वर्षी कोण सांभाळणार, आणि त्या सांभाळण्याचा पैसा कुठून येणार. दुसरा किंवा तिसरा रकाना रिकामा असेल तर ते काम मंजूर करायचं नाही. हा नियम आम्ही एका चुकीनंतर केला. मुख्य नाल्यावर गाळाचा सुंदर खड्डा बांधून घेतला, पण तो उपसायचा कोणी हे लिहिलंच नव्हतं. दुसऱ्याच पावसात तो काठोकाठ भरला आणि तिथे साठलेला सगळा गाळ एका रात्रीत तळ्यात गेला. सकाळी पाणी चहाच्या रंगाचं होतं. आता त्या खड्ड्यात रंगवलेली पट्टी उभी आहे. गाळ लाल खुणेपर्यंत आला की पंधरा दिवसांत उपसायचा, आणि उपसणाऱ्या खात्याचं नाव, पैशाच्या तरतुदीसह, आराखड्यात आहे.

माणसांचंही तसंच. पंचवीस वर्षांत अधिकारी बदलतात, नगरसेवक बदलतात, समितीतली माणसं थकतात, जातात. प्रत्येक कामाला दोन माणसं नेमा आणि त्यांच्या वयात निदान पंधरा वर्षांचं अंतर ठेवा. वहीच्या तीन प्रती वेगवेगळ्या घरांत असू द्या, शिवाय दर वर्षी फोटो काढून ठेवा. चकती सोडायला मी आता जात नाही, गुडघे साथ देत नाहीत. एक कॉलेजमधली मुलगी जाते. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, “आजी, दोरी शेवटची कधी मोजली होती?” सहा वर्षं मोजली नव्हती. टेप लावून बघितलं तर ओल्या-वाळल्यानं दोरी मीटरला चार सेंटिमीटर ताणली गेली होती, म्हणजे खूण एक मीटरची असली तरी चकती प्रत्यक्षात एक मीटर चारवर होती. तिनं मागच्या सहा वर्षांचा प्रत्येक आकडा लाल शाईनं बाजूला दुरुस्त करून लिहिला. जुना खोडला नाही. तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर दोरी मोजल्याच्या तारखांसाठी एक रकाना आखून ठेवा, आणि दर वर्षी पहिल्या मोजणीच्या आधी तो भरा.